मोर्स मिनिटाला सहा शब्दांवर अडकतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा हॅम (हौशी रेडिओचा) परवाना मिळाला आहे, आता वरच्या जनरल ग्रेडसाठी मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची सांकेतिक लिपी, यायला हवी. तक्ता तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्याही अक्षराचे ठिपके आणि रेघा सांगता येतात. पण ऐकताना मिनिटाला पाच-सहा शब्दांच्या पुढे काही केल्या जाता येत नाही. तीन महिने झाले. आता सरावाची वेळ वाढवावी, का मोर्स पाठवायची चांगली कळ (तिला 'की' म्हणतात) विकत घ्यावी?

दोन्ही करू नका. तक्ता तोंडपाठ आहे, हीच तुमची अडचण आहे.

ऐकताना डोक्यात काय घडतं ते सावकाश बघा. कानावर डाह-डी-डाह आलं. मनाने त्याचं "रेघ, ठिपका, रेघ" केलं. मग तक्त्यात बोट फिरवलं, "के" सापडला, मग हाताला सांगितलं की के लिही. एका अक्षरासाठी एवढे चार टप्पे. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाला दोन अक्षरांमध्ये हे सगळं उरकायला वेळ मिळतो. दहाच्या आसपास तो मिळेनासा होतो. तुम्ही तक्त्यात शोधत असता आणि पुढचं अक्षर येऊन गेलेलं असतं. म्हणून बहुतेक सगळे सहा ते दहा यांच्यामध्ये कुठेतरी अडकतात. त्याच पद्धतीने सराव वाढवला तर तक्त्यात शोधण्याची सवयच आणखी पक्की होते. मोर्सची झाडं (फांद्यांवर अक्षरं मांडलेल्या आकृत्या), "अमुक अक्षरासाठी तमुक शब्द आठवा" छापाच्या युक्त्या आणि रंगीत चित्रं यांचंही तेच. पहिल्या आठवड्यात मजा येते, नंतर प्रत्येक युक्ती हा मधला एक जास्तीचा टप्पा होऊन बसतो.

तेव्हा तक्ता भिंतीवरून काढा आणि अक्षरं नव्याने शिका, या वेळी फक्त कानाने. तीन महिने फुकट गेले असं वाटेल, पण आत्ता न सोडलेली सवय पुढे वर्षभर नडते.

नव्याने शिकताना अक्षराचा स्वतःचा वेग मिनिटाला १८ ते २० शब्दांचा ठेवायचा आणि दोन अक्षरांमधलं अंतर मात्र ऐसपैस ठेवायचं. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. हिशेब एकदा नजरेखालून घाला, कारण सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन आकडे भरायचे असतात. मोर्समध्ये डिट (ठिपका) म्हणजे एक एकक, डाह (रेघ) तीन एककं, एकाच अक्षरातल्या दोन नादांमध्ये एक एकक शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला "पॅरिस" हा इंग्रजी स्पेलिंगचा शब्द प्रमाण धरतात. शेवटच्या सात एककांच्या शांततेसह तो बरोबर ५० एककांचा होतो. म्हणून १२०० ला वेगाने भागलं की डिटची लांबी मिलिसेकंदात मिळते: ८ शब्दांना १५०, १८ शब्दांना साधारण ६७, २० शब्दांना ६०.

आता अक्षरं १८च्या वेगाने पण एकूण गती ८ ठेवली, तर "पॅरिस"मधली ३१ एककांची अक्षरं जेमतेम दोन सेकंदांत संपतात आणि उरलेले साडेपाच सेकंद मधल्या शांततेत वाटले जातात. दोन अक्षरांमधलं अंतर साधारण ८६० मिलिसेकंद आणि शब्दांमधलं दोन सेकंद होतं. म्हणजे विचार करायला वेळ भरपूर, पण अक्षर इतक्या झटक्यात येऊन जातं की त्यातले ठिपके मोजायला सवडच मिळत नाही. ते अख्खं, एका ठसक्यात ऐकावं लागतं. एकूण गती वाढवायची वेळ आली की ही शांतता कमी करत जायचं. अक्षराच्या वेगाला हात लावायचा नाही.

अक्षरं तोंडाने म्हणायची तर "डॅश-डॉट-डॅश" कधीही नको, नादानेच म्हणा. शेवटी येणारा ठिपका "डिट", मधला किंवा सुरुवातीचा "डी", रेघ "डाह". आर म्हणजे डी-डाह-डिट, सी म्हणजे डाह-डी-डाह-डिट. इथे मराठी कानाचा एक खास घोटाळा होतो. शाळेत वृत्तं शिकलेल्याला लघू-गुरू आठवतात आणि हात आपोआप डाहला दोन मात्रा देऊ लागतो. गुरू दोन मात्रांचा असतो, डाह तीनचा. दोन मात्रांचा डाह पाठवला की ऐकणाऱ्याला तो डिट आहे की डाह हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. टाळी देऊन म्हणायची सवय असेल तर डाहला पूर्ण तीन टाळ्या द्या.

अक्षरं कोणत्या क्रमाने घ्यायची? ए-बी-सी-डी नको, आणि "सगळ्या डिटवाली आधी, मग सगळ्या डाहवाली" हेही नको. ई, आय, एस, एच एकापाठोपाठ शिकलात तर ठिपके मोजल्याशिवाय त्यांतला फरकच कळणार नाही, म्हणजे पुन्हा मूळ रोगावर आलात. १९३०च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने जी रीत मांडली ती आजही सगळ्यात कामाची आहे: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं फक्त दोन. ती दोन ९० टक्के अचूक लिहिता आली की तिसरं. मग चौथं. एलसीडब्ल्यूओ, म्हणजे "लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन" (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स) या फुकट संकेतस्थळावर नेमका हाच अभ्यासक्रम ४० धड्यांत आहे. पहिल्या धड्यात के आणि एम, पुढे यू, आर, ई, एस, एन, ए, पी, टी, एल, डब्ल्यू, आय अशी एकेक भर.

तिथे अक्षराचा वेग २० ठेवा, एकूण गती सुरुवातीला ८ ते १०, सूर ६०० हर्ट्झच्या आसपास. ५०० ते ७०० मध्ये जो कानाला गोड लागेल तो चालेल. त्यापेक्षा उंच सुराने वीस मिनिटांत कान थकतो. एक मिनिट ऐका, लिहा, तपासा. ९० टक्के आलं की पुढचा धडा. ८५ आलं तर त्याच धड्यावर थांबा, पण ९८ची वाट बघत आठवडा घालवू नका. जुनी अक्षरं पुढच्या प्रत्येक धड्यात येतच राहतात, ती तिथे पक्की होतात. नवं अक्षर आलं की आकडा धाडकन सत्तरवर येतो, हे दर वेळी होणार. दोन दिवसांत वर येतो.

रोज पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा मिनिटं संध्याकाळी. रविवारी सलग दोन तास बसून भरपाई होत नाही; वीस मिनिटांनंतर चुका वाढतात आणि चुकीचं ऐकण्याचाच सराव होतो. सलग चार दिवस खंड पडला तर दोन धडे मागे जाऊन सुरू करा. या चालीने सगळी अक्षरं, आकडे आणि चिन्हं व्हायला साधारण तीन महिने धरा. तुमचे कदाचित थोडे जास्त जातील, कारण जुना तक्ता मधूनमधून डोकं वर काढणार. तो आला की वेग कमी करू नका, उलट अक्षराचा वेग २०चा २२ करून बघा. मोजण्याची संधीच उरत नाही.

लिहिण्याबद्दल थोडं, कारण निम्म्या चुका कानाच्या नसून हाताच्या असतात. पेन्सिल मऊ घ्या, टू-बी चांगली. कॅपिटल अक्षरं गिरवत बसू नका. मोठा ई काढायला चार रेघा लागतात, छोटा एका फटक्यात होतो. एखादं अक्षर निसटलं तर तिथे आडवी रेघ ओढा आणि ताबडतोब पुढच्याकडे वळा. "ते काय होतं बरं?" म्हणत मागे वळलात की एकाच्या जागी तीन अक्षरं जातात. निसटलेल्याला सोडून देणं हे वेगळं शिकावं लागतं आणि ते जमेपर्यंत चिडचिड होते. पहिल्या दहा-पंधरा धड्यांनंतर मुद्दाम एक अक्षर मागे राहून लिहायला लागा: कान दुसरं अक्षर ऐकतोय, हात पहिलं लिहितोय. पुढे वेग वाढला की हेच अंतर कामाला येतं.

अर्थ नसलेल्या पाच-पाच अक्षरांच्या गटांचा कंटाळा येतो, हे खरं. पहिली दहा अक्षरं झाली की रोमन लिपीत मराठी शब्द टाकून बघा; काका, मामा, ससा, माणूस, पाऊस, कापूस हे सगळे त्या दहांत बसतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण शब्द ओळखीचा असला की मन पुढचं अक्षर आधीच लिहून मोकळं होतं, आणि परीक्षेत "पाऊस"ऐवजी दुसरंच काही आलं की फसतं. म्हणून मोजमाप नेहमी अर्थहीन गटांवरच करा.

गोंधळाच्या जोड्या ठरलेल्या आहेत. एस, एच आणि ५ (तीन, चार, पाच डिट). बी आणि ६. व्ही आणि ४. डब्ल्यू, जे आणि १. क्यू आणि वाय. या शेवटच्या दोघांचे आकार एकमेकांच्या नेमके उलट आहेत, पण डाहांच्या गर्दीत एकसारखे वाटतात. यावर उपाय म्हणजे फक्त ती जोडी आणि सोबत ई आणि टी एवढीच चार अक्षरं घेऊन पाच मिनिटांचा सराव. ई आणि टी इतकी छोटी आहेत की मन त्यांत अडकत नाही आणि सगळं लक्ष जोडीकडे राहतं. दोन-तीन दिवसांत सुटका होते. पाच आणि एच मात्र बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने छळतात. तिथे आजूबाजूला आकडे आहेत की अक्षरं यावरून ओळखलं तरी चालतं, प्रत्यक्ष हवेवर, म्हणजे रेडिओवरही, सगळे तेच करतात.

आता परीक्षा. भारतात अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटरची परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते. २००३मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढली, अमेरिकेने २००७मध्ये परीक्षेतून मोर्स पूर्ण वगळला. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला तो लागत नाही, जनरल ग्रेडला लागतो: ऐकणं आणि पाठवणं, दोन्ही मिनिटाला ८ शब्दांनी, पाच-पाच मिनिटं. शब्द पाच अक्षरांचा धरतात, म्हणजे २०० अक्षरांचा मजकूर. आकडा किंवा विरामचिन्ह दोन अक्षरांइतकं मोजलं जातं. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. पाठवताना दुरुस्त न केलेल्या चुका धरतात, म्हणून चुकल्यावर सलग आठ डिट देऊन तो शब्द पुन्हा पाठवायची सवय आधीपासून लावा. नियमांत बदल होत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी चालू नियमावली डब्ल्यूपीसीच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचा.

यात एक खाच आहे. तुमचा सराव १८-२०च्या अक्षरांचा, आणि परीक्षेत मात्र प्रत्येक अक्षरच ८च्या वेगाने ताणून आलं तर? दीडशे मिलिसेकंदांचा डिट, साडेचारशेचा डाह. वेगाच्या अक्षरांची सवय झालेल्याला हे इतकं संथ वाटतं की डाह-डी ऐकून तो एन लिहून मोकळा होतो, आणि मग उरलेलं डी-डिट येतं. अक्षर बी होतं. म्हणून परीक्षेआधीचे तीन आठवडे अक्षराचा वेग मुद्दाम खाली आणा: पहिल्या आठवड्यात १५, मग १२, शेवटी ८. एव्हाना नाद पक्का झालेला असतो, त्यामुळे तक्ता परत येण्याची भीती उरत नाही. अक्षर संपल्याची शांतता ऐकू येईपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही, एवढं पाळा.

परीक्षेत अडकवतात ती विरामचिन्हं. पूर्णविराम डी-डाह-डी-डाह-डी-डाह, स्वल्पविराम डाह-डाह-डी-डी-डाह-डाह, प्रश्नचिन्ह डी-डी-डाह-डाह-डी-डिट, ब्रेक म्हणजे बरोबरचं चिन्ह डाह-डी-डी-डी-डाह. संयोगचिन्ह आणि अर्धविराम हवेवर जवळपास कुणी वापरत नाही, पण मजकुरात ते येऊ शकतात, आणि कॉखच्या ४० धड्यांत ते नाहीत. त्यांचा सराव वेगळा करावा लागेल: डाह-डी-डी-डी-डी-डाह आणि डाह-डी-डाह-डी-डाह-डिट.

पाठवणं कधी सुरू करायचं? निदान पंधरा अक्षरं कानात पक्की झाल्यावर. त्याआधी की हातात घेतली तर स्वतःचाच वेडावाकडा ताल कानात बसतो. तोवर की विकत घ्यायचीही घाई नको. परीक्षा हाताने चालवायच्या साध्या, उभ्या दाबाच्या कीवर होते, तेव्हा पहिली खरेदी स्ट्रेट की. पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक कीअर छान असतात, डिट-डाहची लांबी यंत्रच बरोबर काढतं. पण त्यावर शिकलेला हात स्ट्रेट कीवर डाह मोजायला विसरतो. ते जनरल ग्रेड हातात पडल्यावर. मोबाइलच्या काचेवर टिचक्या मारून शिकवणारी अ‍ॅप्स ऐकण्यापुरती वापरा. काचेला ना स्प्रिंग ना खोली, हाताला काहीच कळत नाही.

की कशी लावायची हे नीट बघा, कारण नव्या माणसाच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात. आधी बाजूचे स्क्रू: दांडी डावी-उजवी हलता कामा नये, पण वर-खाली अडखळताही कामा नये. स्क्रू घट्ट करत जा, अडखळायला लागली की पाव फेरा सैल करून वरची चकती कसा. मग मागचा स्क्रू, जो दोन संपर्कबिंदूंमधली फट ठरवतो. सुरुवातीला दोन व्हिजिटिंग कार्डं सरकतील एवढी, म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि वर थोडी. फट मोठी असली तर की खाटखाट वाजते आणि डाहनंतरचा डिट उशिरा येतो. फारच छोटी असली तर डिट एकमेकांना चिकटतात, एचचा एक लांब आवाज होतो. शेवटी स्प्रिंग: बोटांचं वजन नुसतं ठेवल्यावर की बंद होता कामा नये, हलक्या दाबाने व्हावी आणि सोडताच वर यावी. तिन्ही एकदम बदलू नका; एकेक बदलून दोन मिनिटं पाठवा.

की टेबलावर सरकत असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. किलो-दीड किलोच्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने बसवा, खाली रबराची चकती चिकटवा. गुंडी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत हलकी धरायची, कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला, हालचाल मनगटातून. बोटांच्या टोकांनी टकटक केलं की तीन-चार मिनिटांत हाताचे स्नायू आखडतात आणि परीक्षा पाच मिनिटांची असते. संपर्कबिंदू काळे पडले तर कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये धरून, की हलकी दाबून ओढा. पॉलिश पेपर लावू नका.

आवाजासाठी सरावाचा ऑसिलेटर (सूर काढणारं छोटं सर्किट) घरी करता येतो, शंभरेक रुपयांचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानात मिळतं. ५५५ टायमर आयसी घ्या. पिन १ ऋण, पिन ८ धन, ९ व्होल्टची बॅटरी. धन आणि पिन ७ यांमध्ये १ किलोओहम, पिन ७ आणि ६ यांमध्ये १० किलोओहम, पिन २ आणि ६ एकत्र जोडून तिथून ऋणाकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ५ ते ऋण ०.०१ मायक्रोफॅरड. पिन ३ मधून १० मायक्रोफॅरड (धन टोक पिनकडे), मग १०० ओहम, मग ८ ओहमचा छोटा स्पीकर, त्याचं दुसरं टोक ऋणाला. की पिन ४ वर: पिन ४ ते ऋण १० किलोओहम, आणि पिन ४ ते धन यांमध्ये की. या किमतींना सूर साधारण ६८५ हर्ट्झचा निघतो.

चुकतं कुठे? कर्कश शिट्टी आली तर बहुधा १०४ छापलेल्या कपॅसिटरऐवजी १०३ लागलाय, सूर दसपट चढला. की सोडूनही आवाज थांबत नसेल तर पिन ४ चा १० किलोओहम नीट डाखला गेलेला नाही. बॅटरी दोन-चार दिवसांत उतरत असेल तर धनाच्या तारेत स्विच घाला. की उघडी असतानाही आयसी काही मिलिअँपिअर खात राहतो. बाजारातला तयार "अ‍ॅक्टिव्ह बझर" मात्र टाळा, तो दोन हजार हर्ट्झच्या वर किंचाळतो.

आणि ब्लूटूथ इअरफोन नको. त्यांत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ८च्या वेगाला जवळजवळ एक अख्खा डिट. ऐकायला काही बिघडत नाही, पण संगणकातून स्वतःचा आवाज ऐकत पाठवायला लागलात की हात अडखळतो, आणि माणूस दोष स्वतःला देतो. तारेचे हेडफोन वापरा.

पाठवताना नाद बऱ्यापैकी येतात, मोडतात त्या मधल्या शांतता. अक्षराच्या आत जरा जास्त थांबलात की सीक्यूचं (सगळ्यांना दिलेल्या हाकेचं) एन-एन-एम-ए होतं. दोन अक्षरं चिकटली की उलटं: ए आणि एन मिळून पी, टी आणि एच मिळून ६. इंग्रजी "द" हा शब्द घाईत पाठवणाऱ्या कित्येकांचा "६ई" होतो. हे स्वतःला पाठवताना ऐकू येत नाही, कारण आपण काय पाठवतोय ते आपल्याला माहीत असतं. म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी, मजकूर विसरल्यावर, लिहून घ्या. मोर्स उकलणारं एखादं अ‍ॅपही समोर ठेवता येईल. ते कडक परीक्षक असतं. त्याने दहांतली नऊ अक्षरं बरोबर ओळखली तर माणसाला काहीच अडचण येत नाही. दोन मिनिटं ८च्या वेगाचं ध्वनिमुद्रण लावून त्याच्या सुरात सूर मिळवून पाठवलं की ताल लवकर बसतो. भजनात टाळ धरायला शिकतात, तसंच.

खरी ऐकण्याची गोडी लागते ती हवेवरचे संदेश कानावर पडल्यावर. रिग (रेडिओ संच) नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा, ७.००० मेगाहर्ट्झच्या पुढच्या तीस-चाळीस किलोहर्ट्झमध्ये फिरा, फिल्टर ५०० हर्ट्झपर्यंत आवळा. बहुतेक जण तुमच्यापेक्षा खूप वेगात असतील. अख्खा संवाद लिहायला जाऊ नका, फक्त कॉल साइन (स्टेशनचं ठरलेलं सांकेतिक नाव) पकडा. ती दोन-तीनदा तरी येतेच. स्वतःचा रिसीव्हर असेल तर १४.१०० मेगाहर्ट्झ लावून ठेवा. तिथे जगभरातले १८ बीकन (आपोआप खूण पाठवत राहणारी स्टेशनं) आळीपाळीने, प्रत्येकी दहा सेकंद, दर तीन मिनिटांनी येतात: २२ शब्दांच्या वेगाने कॉल साइन, मग एकेक सेकंदाचे चार डाह, १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि दशांश वॅटचे. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला सगळ्यात जवळचा. २२ ऐकून घाबरू नका. तीच कॉल साइन तीन मिनिटांनी पुन्हा येणार आहे, आणि कोणत्या क्रमाने कोण येतं ते आधीच छापलेलं आहे.

की दाबण्याआधी आपल्या परवान्यात मोर्सचं उत्सर्जन, म्हणजे ए१ए, लिहिलंय का ते पाहा. व्हीयू३ने सुरू होणाऱ्या (रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या) कॉल साइनवर बोलायची मुभा आहे म्हणून मोर्सही चालतो असं गृहीत धरू नका. जनरल ग्रेड झाल्यावर पहिला संवाद ठरलेल्या साच्यात करा, कागदावर लिहून समोर ठेवा: त्यांची कॉल साइन, डीई ("कडून"), आपली कॉल साइन, मग आरएसटी (त्यांचा आवाज कसा येतो त्याचे आकडे) दोनदा, नाव दोनदा, क्यूटीएच (आपलं ठिकाण) दोनदा, शेवटी पुन्हा दोघांच्या कॉल साइन आणि केएन ("आता फक्त तुम्ही बोला"). नाव आणि गाव छोटं करा. "छत्रपती संभाजीनगर" ८च्या वेगाला पाठवायला अर्ध्या मिनिटाच्या वर जातो. समोरचा पंचवीसच्या वेगाने सुटला तर क्यूआरएस ("सावकाश पाठवा") पाठवा. आणि सीक्यू स्वतः देणार असाल तर जेवढ्या वेगाने लिहिता येतं त्याच वेगाने द्या, उत्तर साधारण त्याच वेगाने येतं.